भाऱ्याखालचा माणूस

कर्जतजवळच्या कडावच्या पुढे नदीकडे उतरणाऱ्या शिवारात एक वसाहत आहे. तिथं रस्ते आधी आले आणि घरं आलीच नाहीत. दारात 'हिल मिस्ट' अशी मोठी कमान, आत डांबरी रस्त्यांचं जाळं, मधोमध कोरड्या कारंज्याभोवतीचं गोल वळण, दोन्ही अंगांना विजेचे खांब. प्लॉट मुंबईच्या लोकांनी घेतलेले. त्यांतले काही वर्षातून एखाद्या रविवारी येत, आपल्या तुकड्यावर चटई टाकून डबे खात, फोटो काढत आणि ऊन उतरायच्या आत परत फिरत. बिल्डर कधीच दुसऱ्या स्कीमच्या मागे गेला होता. राखण उरली गावातल्या कमलेशकडे, कारण यातली निम्मी जमीन त्याच्या घरची होती आणि सौदाही त्यानंच जुळवून दिला होता. पण ज्या रस्त्यांवर कुणी राहतच नाही, त्यांची राखण ती काय करायची? सकाळी बुलेटवरून एक फेरी मारायची, कमानीचं कुलूप हलवून बघायचं, आणि आपल्या कामाला लागायचं.

या रस्त्यांना गिऱ्हाईक मिळालं ते खोपोलीच्या उझमामुळे.

उझमा करंजीकर. तिच्या वडिलांचं, मुनाफभाईंचं, खोपोलीच्या बाजारपेठेत टायरचं दुकान. उझमा इंजिनिअर झाली, बेंगळुरूला गेली आणि तिथं बरीच वर्षं एका कंपनीत गाडीचे 'डोळे' बनवत राहिली. म्हणजे ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाडीला समोरची गाय कुठली, खड्डा कुठला आणि माणूस कुठला, हे ओळखायला शिकवण्याचं काम. तिथंच कामात तिची आणि पुण्याच्या किशोरची जोडी जमली. दोघांनी नोकरी सोडून 'वाटाड्या' नावाची स्वतःची कंपनी काढली. मोठ्या कंपन्या चकचकीत मोटारींच्या मागे होत्या. यांनी धरला छोटा, विजेवर चालणारा मालाचा टेंपो.

या धंद्याचा एक नकाशा ठरलेला असतो. अमेरिकेतला एक कोपरा, चीनमधली काही शहरं, आपल्याकडे बेंगळुरू, थोडं पुणं, थोडं हैदराबाद. पैसे लावणारे लोक तुम्ही काय बनवता हे नंतर विचारतात. आधी विचारतात, बसता कुठं? उझमाला मात्र बेंगळुरूत एक गोष्ट रोज खुपायची. तिथं कचेऱ्या होत्या, पैसा होता, माणसं होती. फक्त गाडी चालवून बघायला रस्ता नव्हता. सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी सोडायला परवानगी नाही, आणि भाड्यानं मिळणारी मैदानं मोठ्यांनी आधीच अडवून ठेवलेली. एकदा ईदला घरी आली असताना ती मैत्रिणीच्या लग्नासाठी कडावला गेली, वाटेत ही कमान दिसली, आणि तिनं गाडी थांबवून आत डोकावलं.

"किशोर, इथं अख्खं गाव आहे, फक्त घरं नाहीत," तिनं तिथूनच फोन केला. "चौक आहेत, वळणं आहेत, खांब आहेत. आणि जागा खाजगी. पुणंही हाकेवर, मुंबईही."

"पण कर्जत?" किशोर म्हणाला. "लोक तिथं हुरडा खायला जातात गं."

"हुरडा तुमच्या देशावर. इथं मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. ये तर खरा."

किशोर आला, आणि त्यालाही जागा आवडली. कमलेशला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानं गावात सांगायला सुरुवात केली की आता बेंगळुरू कडावला येतंय. कमानीजवळच्या चौकीच्या दोन खोल्या साफ झाल्या, तिथं संगणक आले. गाडीनं काढलेल्या फोटोंतल्या एकेका वस्तूभोवती चौकट आखून तिचं नाव लिहायचं असतं, त्यावरूनच गाडी शिकते. त्या कामावर कमलेशची बायको हर्षला आणि शेजारची सुरेखा लागल्या. हर्षला बारावीनंतर घरी बसलेली. पहिल्या आठवड्यात तिला हसू आवरेना. "ताई, मी दिवसभर कुत्र्यांना चौकोनात घालते म्हनून सांगितलं तर सासू बोल्ली, मंग घरच्या कोंबड्या कोन घालनार?"

काम सुरू झालं होळीनंतर. उन्हाळाभर टेंपो त्या रिकाम्या रस्त्यांवरून शहाण्यासारखा फिरला. गाय आडवी आली की थांबला, शेळ्या पांगेपर्यंत उभा राहिला. किशोर आत ड्रायव्हरच्या जागी ब्रेकवर पाय ठेवून बसे आणि उझमा कारंज्याच्या कठड्यावरून हातातल्या पडद्यावर बघे.

पावसाळ्यात मात्र गाडी अडायला लागली. कडेचं गवत कमरेएवढं वाढून रस्त्यावर झुकलं. गाडीला प्रत्येक पातं म्हणजे अडथळा वाटे. चार हात गेली की थांबे, पुन्हा हले, पुन्हा थांबे. दोघांनी बसून ठरवलं आणि तिला शिकवलं की रस्त्यावर झुकलेलं गवत म्हणजे काही नाही, त्याला घासून पुढं जायला हरकत नाही. त्यानंतर गाडी पुन्हा सुरळीत चालू लागली. पैसे लावणाऱ्या फंडाच्या लोकांना दाखवण्याचा दिवस ठरला.

आणि भादव्यात गवत चालायला लागलं.

कमलेशचा बाप चांगो रोज नदीकडच्या बांधावर गवत कापायला जाई. येताना तो हिल मिस्टच्या रस्त्यानं येई, कारण रस्ता नव्हता तेव्हापासून त्याची वाट तीच होती. डोक्यावर हिरव्या गवताचा एवढा मोठा भारा की खांद्याखाली फक्त दोन पाय दिसावेत. होळीपासून श्रावण सरेपर्यंत असा भारा कुणी वाहिला नव्हता, म्हणून गाडीनं तो कधी पाहिला नव्हता. त्या सकाळी पाठीमागून टेंपो आला. विजेची गाडी, आवाज नाही. त्यात चांगोच्या कानांवर गवत आलेलं. किशोर सीटवर होता, पण त्याची नजर मांडीवरच्या पडद्यावर होती. इतक्या दिवसांत ब्रेक दाबायची वेळच आली नव्हती.

उझमानं कारंज्याच्या कठड्यावरून बघितलं ते एवढंच, की गाडी गवताला घासून पुढे जायला निघाली आणि गवत खाली पडलं. मग तिला त्यातून विळा धरलेला हात दिसला.

ती धावत पोचली तेव्हा किशोर खाली उतरून भारा बाजूला ओढत होता. चांगोचा डावा पाय पुढच्या चाकाशी वाकडा पडला होता. म्हातारा ओरडला नाही. "कोन रं?" एवढंच त्यानं विचारलं.

कर्जतच्या दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा उझमानं होतं तसं सांगितलं, त्यामुळे पोलीस आले. हवालदार समजूतदार होता, पण तोही अडखळला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"कुणी नाही. म्हणजे गाडी आपली आपण—" उझमा सांगू लागली.

"मी," किशोर मध्येच म्हणाला. "सीटवर मी होतो, ब्रेकवर पाय माझा होता. माझं नाव लिहा."

उझमाला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. त्या दिवसानंतर तो त्या सीटवर कधीच बसला नाही.

संध्याकाळी दोघं चांगोच्या घरी गेली. पडवीत बायका जमलेल्या, कमलेश खाली मान घालून खांबाला टेकलेला. गाडी आणली त्यानं, आणि पाय मोडला बापाचा. त्याला कुणी काही बोलत नव्हतं, ते त्याला जास्त लागत होतं. चांगोची बायको गोदूबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं उझमाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गाडीत डायवर नाय बोल्तात. खरं हाय?"

"खरं आहे, काकी."

"मंग मी भांडू कुनाशी?"

किशोरनं तोंड उघडलं, पण उझमा आधी बोलली.

"माझ्याशी भांडा."

"तुझ्याशी?"

"गाडीला काय दिसतं आणि काय नाही, ते मी शिकवलंय. माझ्याशीच भांडा."

"मंग आईक," गोदूबाई म्हणाली आणि तिनं सुरुवात केली. गाडीचा उद्धार झाला, कंपनीचा झाला, शिकलेल्या पोरींचा झाला, आणि वाटेत सापडला म्हणून कमलेशचाही झाला. उझमा उभी राहून ऐकत होती. बोलता बोलता गोदूबाईचा आवाज बसला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वेगळ्याच सुरात म्हणाली, "आता म्हशींना गवत कोन आननार? ह्यो कमलेश? ह्याला इळा धरता येतो का ईचार."

"मी आणते," उझमा म्हणाली.

"तू? खोपोलीच्या बाजारातली पोर तू!"

"तुम्ही कापा. मी वाहून आणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी उझमा स्वतः टेंपो हाकत बांधापाशी जाऊन उभी राहिली. गाडीचं आपोआप चालणं बंद करून तिनं हातानं स्टिअरिंग धरलं होतं. गोदूबाई गवत कापून भारे बांधे, उझमा ते मागच्या हौद्यात रचे. सुरुवातीला तिला भारा उचलताच येईना. पाती मानेला लागून खाज सुटे, हातांवर बारीक चिरा पडत. गोदूबाई बघून न बघितल्यासारखं करी. मग एक दिवस तिनंच आपली जुनी साडी फाडून चुंबळ करून दिली. "ही घे डोक्याखाली. मान मोडून घेशील."

टेंपोच्या टपावरचे कॅमेरे चालूच होते. गाडी स्वतः चालत नसली तरी बघत होती. भारा डोक्यावर घेतलेली गोदूबाई समोरून, पाठीमागून, वळणावर, झाडाच्या सावलीत. हर्षला चौकीत बसून त्या प्रत्येक फोटोत भाऱ्याखालच्या दोन पायांपासून वरच्या गवतापर्यंत एकच चौकट आखी आणि लिही: माणूस.

किशोरला हे पटत नव्हतं. एक दिवस चौकीत त्यानं विषय काढला.

"तू चांगलं करतेयस. पण आपलं काय? दाखवायचा दिवस तोंडावर आलाय."

"दाखवू की. काय झालं तेही सांगू."

"सांगायचं तर आहेच, मी लपवणार नाही. पण त्यातून एकच गोष्ट निघते, उझमा. ही जागा चुकली. हैदराबादला अशा गाड्यांसाठी कुंपणाचं मैदान आहे. आत माणूस येत नाही."

"माणूस येत नाही, तर गाडी माणूस ओळखायला शिकणार कुठून?"

"पुतळे असतात, सरकणारे."

"पुतळ्याच्या डोक्यावर भारा असतो का?"

"नसतो." किशोरनं डोळे चोळले. "पण पुतळ्याचा पाय मोडला तर मला झोप लागते. मला अजून तो हात दिसतो गवतातला."

तो हात उझमालाही दिसत होता.

फंडाच्या बाई ठरल्याप्रमाणे बेंगळुरूहून आल्या. चाळिशीच्या, मितभाषी, मुंबईत वाढलेल्या, त्यामुळे मराठी समजणाऱ्या. कमानीतून आत शिरायच्या आधीच उझमानं त्यांना अपघात सांगितला. गवताचं का शिकवलं, ते कसं अंगाशी आलं, किशोर कुठं बघत होता, सगळं. ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांना भेटता येईल?"

चांगो पडवीत बाजेवर पाय लांब करून बसला होता. कमलेशनं खुर्ची मांडली, हर्षलानं चहा आणला. बाईंनी तब्येत विचारली. चांगोनं बरी हाय म्हणून सांगितलं आणि उलट विचारलं.

"तुमी बेंगलोरच्या ना?"

"हो."

"मंग ही गाडी तुमच्या रस्त्यावर का नाय चालवत?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तिथं परवानगी नाही."

"आनि हितं हाय?"

"बाबा, ही जागा खाजगी हाय," कमलेश घाईनं म्हणाला.

"खाजगी म्हंजे कुनाची रं? मी तर रोज जातो."

चांगोच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. उझमाला आठवलं, 'जागा खाजगी' हे तिनं फोनवर किती आनंदानं सांगितलं होतं. तेव्हा तिनं कमान पाहिली होती, कुलूप पाहिलं होतं. नदीकडून येणारी पायवाट पाहिली नव्हती.

मग प्रात्यक्षिक झालं. ब्रेकवर उझमा स्वतः बसली. गोदूबाईनं भारा घेऊन चालायचं कबूल केलं होतं, पण उझमानं ते होऊ दिलं नाही. रिकाम्या रस्त्यावर खांबाला भारा बांधून त्याखाली किशोरची पँट अडकवली. गाडी दोनदा नीट थांबली. तिसऱ्यांदा थांबली, पण फार जवळ जाऊन. उझमानं तेही बाईंना दाखवलं.

"आता भारा घेतलेला माणूस ती नेहमी ओळखेल, असं खात्रीनं सांगाल?" बाईंनी विचारलं.

"नाही," उझमा म्हणाली. "या रस्त्यावर, चालत्या माणसाच्या वेगानं, ब्रेकवर कुणीतरी असताना, एवढंच सांगेन. आणि दिवाळीनंतर इथं पेंढ्याचे भारे निघतील. तो रंग वेगळा. ते पुन्हा शिकवावं लागेल."

फंडाचा निरोप आठवड्याभरात आला. पैसे लावायला ते तयार होते, पण टेंपोवर नाही. हमरस्त्यावर धावणाऱ्या मोठ्या ट्रकांवर काम करायचं, कचेरी बेंगळुरूला, चाचणी हैदराबादच्या कुंपणात. कर्जतची जागा ताबडतोब बंद.

किशोरनं हो म्हणायचं ठरवलं. त्यात काही चुकीचं आहे असं उझमाला मनापासून म्हणता येईना. हमरस्त्यावर तरी डोक्यावर भारा घेऊन कुणी चालत नाही. त्यानं तिला दोनतीनदा चल म्हणून विचारलं.

तिनं रात्रीच्या जेवणानंतर हे घरी सांगितलं. मुनाफभाईंनी ऐकून घेतलं. "पोरी, टायर मी कुठंही विकू शकलो असतो," ते म्हणाले. "पनवेलला दुकान टाक म्हणून भाऊ मागं लागला होता. खोपोलीत बसलो, कारण घाट उतरून आलेल्या गाडीचे टायर इथंच तापतात. तुझी गाडी कुठं तापते ते बघ. बेंगळुरूत तापत असेल तर बेंगळुरूला जा. आमच्यासाठी राहू नकोस."

अम्मीनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, कारण पोरीनं राहावं अशी तिची इच्छा होती.

उझमा राहिली. कंपनीची वाटणी भांडण न होता झाली. 'वाटाड्या' हे नाव आणि मोठ्या ट्रकांचं काम किशोरकडे गेलं. टेंपो आणि त्याच्या मंद चालीपुरतं शिकवलेलं ज्ञान उझमाकडे उरलं. जायच्या दिवशी किशोर चांगोला भेटायला गेला. म्हाताऱ्यानं त्याला बाजेवर शेजारी बसवून घेतलं. "जा. पन बघून चाल," एवढंच म्हणाला. किशोर बाहेर येऊन बराच वेळ कमलेशच्या बुलेटशी काहीतरी बघत असल्यासारखा वाकून उभा राहिला.

मग उझमा चांगोकडे गेली.

"बाबा, मला गाडी पुन्हा इथं चालवायचीय. पण रस्ता तुमचाही आहे. तुम्ही म्हणाल तसं."

चांगोनं प्लास्टरकडे बघितलं. "मी उभा राईपर्यंत थांब. मंग बघू."

ती थांबली. थांबणं सोपं नव्हतं. कोजागिरी गेली, दिवाळी गेली, भातं कापून झाली, झोडणी झाली, आणि टेंपो रोज फक्त हातानं हाकत गवत, मग पेंढा वाहत राहिला. ओळखीचे लोक विचारत, बेंगळुरूची नोकरी सोडून कडावला टेंपो चालवतेस का गं? ती हो म्हणे. हर्षला आणि सुरेखा चौकटी आखत राहिल्या. गोदूबाई आता टेंपोत तिच्या शेजारी बसून येई, आणि कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या सुनेचं काय बिनसलं, हे वाटभर सांगे. तिनं उझमाला आतून माफ केलं की नाही हे उझमाला कधीच कळलं नाही. विचारायचा धीरही तिला झाला नाही.

चांगो काठी टेकत उभा राहिला तेव्हा शेतात वाल फुलात आला होता. तो कारंज्यापर्यंत चालत आला, कठड्यावर बसला आणि म्हणाला, "चालव." त्यानं दोन गोष्टी सांगितल्या: गाडीनं आवाज करत चालायचं, आणि सकाळी गवताच्या वेळेला चालायचंच नाही. उझमानं टेंपोला घंटी बसवली. बैलाच्या गळ्यातली असते तशी किणकिण गाडी चालत असेपर्यंत होत राही. सुरेखाची पोरं तिला आईस्क्रीमची गाडी म्हणायला लागली.

याच सुमारास किशोरचा फोन आला. आवाज ओशाळलेला.

"हमरस्त्यावर माणसं नसतात असं मला वाटलं होतं," तो म्हणाला. "काल पाहिलं, एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन दुभाजक ओलांडत होती. उझमा, तुझ्याकडचे भाऱ्यांचे फोटो..."

"माझे नाहीत. हर्षलाचं काम आहे ते. तिच्याशी बोल, रीतसर ठरव."

हर्षलानं रीतसर ठरवलं. आता ती आणि सुरेखा कडावच्या चौकीत बसून बेंगळुरूच्या ट्रकांसाठीही चौकटी आखतात. कमलेश सगळ्यांना सांगतो की बेंगळुरू शेवटी कडावला आलंच. हर्षलानं आणखी दोन बायकांना काम शिकवायला घेतलंय आणि तिला ते ऐकायला वेळ नसतो.

उझमाला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं खोपोलीत. मुनाफभाईंच्या दुकानात टायर घ्यायला येणारा एक जण एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. कारखान्याच्या आवारात गोदामापासून शेडपर्यंत दिवसभर सुटे भाग न्यावे लागत. वेग कमी, रस्ता ठरलेला, आवार कारखान्याचं. पण या वेळी 'आवार कारखान्याचं' एवढ्यावर उझमा थांबली नाही. ती आधी आठवडाभर नुसती तिथं जाऊन बसली. कोण कुठून जातं, जेवणाच्या सुट्टीत माणसं कुठल्या वाटेनं नळाकडे वळतात, झाडणाऱ्या बायका कधी येतात, हे तिनं बघितलं, त्यांना विचारलं, गाडी त्यांना दाखवली. गोदामाच्या गाडीवर नागू नावाचा ड्रायव्हर होता. माझी नोकरी जाणार का, असं त्यानं सरळ विचारलं. उझमानं मॅनेजरपुढे अट घातली की टेंपोवर देखरेखीला नागूच राहील. मॅनेजर वर्षभरासाठी कबूल झाला. पुढचं मी सांगू शकत नाही, हेही तिनं नागूला सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण तो तयार झाला.

टेंपो कडावहून खोपोलीला न्यायचा होता. सार्वजनिक रस्ता, म्हणून उझमानं हातानंच हाकला. हर्षला स्कूटीवरून मागे. पळसदरीला दोघी चहाला थांबल्या.

पहिल्या दिवशी नागू ब्रेकवर बसला आणि उझमा शेडच्या दारात, गाडी लांबूनच थांबवणाऱ्या लाल बटणावर अंगठा ठेवून उभी राहिली. घंटी वाजवत टेंपो गोदामातून निघाला. वळणावर एक कामगार पुठ्ठ्याचे मोठे तक्ते डोक्यावर आडवे धरून बाजूच्या शेडमधून बाहेर पडला. तक्त्यांनी त्याचं तोंड, खांदे, सगळं झाकलं होतं. उझमाच्या अंगठ्याखालचं बटण अर्धं दाबलं गेलं.

गाडी त्याआधीच थांबली होती. चांगली लांब. कामगार आपल्या नादात पुढे निघून गेला. टेंपो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि पुन्हा चालू लागला.

उझमा शेडच्या पायरीवर बसली. हर्षला चौकटीची नोंद घ्यायला लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ आली, पण तिचा चेहरा बघून आधी पाण्याची बाटली आणायला गेली.

दुपारपर्यंत गाडीनं आणखी बऱ्याच फेऱ्या केल्या. एकदा ती उडत आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसाठी थांबली आणि नागू शिव्या देत खाली उतरला. ते सगळं टिपून ठेवायचं होतं. ऊन कलल्यावर हर्षलाला निघायचं होतं. घाटाखालच्या रस्त्याचं काम चालू होतं आणि तिला उजेडात पळसदरी पार करायची होती. उझमानं तिला फाटकापर्यंत सोडलं आणि उरलेल्या फेऱ्या बघायला परत आत गेली.